आवसेचा चांद

आमच्या शिलवलीच्या नाक्यावर बॅनर लागला की समजायचं, गावात काहीतरी घडलेलं आहे. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या बैलाचा शर्यतीतला नंबर. पण काही घडायच्या आधीच बॅनर लागला, असं गावात एकदाच झालं. तो कल्पिताचा बॅनर.

शिलवली म्हणजे डोंबिवली पश्चिमेचं पार टोक. खाडीला पाठ लावून बसलेलं आगऱ्यांचं गाव. पुढ्यात भातशेती नि मागं मिठागरं, असं एके काळी होतं. आता पुढं टॉवर आणि मागं तिवरांचं रान. पंढरी तरे तरुणपणी त्याच मिठागरात उन्हानं तापलेल्या खाऱ्या पाण्यात उभा राहून मीठ ओढायचा. त्याच्या तळपायाची कातडी अजून तशीच, चपलेच्या तळासारखी. जमिनीवर इमारत झाली, तिला त्यानं बायकोचं नाव दिलं, गोदावरी हाइट्स. गोदा मात्र कुरकुरते. "लिफ्ट बंद परली की लोक बोलतान, गोदावरी बंद परली. मना काय बरा वाटतं का ते?"

कल्पिता ही या दोघांची एकुलती मुलगी. चौतिशीची, सावळी, केस वर गुंडाळून त्यात पेन खोचलेलं. डोंबिवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. सहा वर्षं झाली. लग्नाचं विचारून गाव दमलं आणि मग पीएचडीचं विचारायला लागलं. शेवटी एकदाची तोंडी परीक्षेची तारीख आली आणि त्याच आठवड्यात पंढरीनं पुतण्याला, दिपेशला, बॅनर लावायला सांगितलं.

दिपेश रेती-सिमेंटचा सप्लायर. नवरात्राच्या मंडपाचं कामही त्याच्याकडं. बॅनरची त्याला सवय. दोन मजली बॅनर झाला. मध्ये कल्पिता, बाजूला गॉगल लावलेला पंढरी, खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांच्या दोन रांगा. आणि मजकूर: "काळ्या द्रव्याचा शोध लावणारी शिलवलीची शान, डॉ. कल्पिता पंढरी तरे हिचे हार्दिक अभिनंदन."

कल्पिता कॉलेजातून रिक्षानं आली, नाक्यावर उतरली आणि तशीच मान वर करून उभी राहिली.

"दिपेश, डॉक्टर कोण?"

"तू. अजून कोण?"

"अरे परीक्षा बाकी आहे माझी. शनिवारी आहे. नापास झाले तर?"

"नापास कशी होशील? हॉल बुक केलाय, टेम्पो ट्रॅव्हलर बुक केलीय, काकानं सगल्या भावकीला सांगितलंय."

"आणि हे काळं द्रव्य काय? मी तुला कृष्णद्रव्य लिहून दिलं होतं."

"ते लोकांना परसाद वाटला असता, ताई. कृष्णद्रव्य. लोक दोना घेऊन आले असते. म्हनून सोपं केलं."

सोपं केल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. दिपेशला एका बिल्डरचा फोन. आवाज एकदम गोड. "दिपेशभाई, ताई इन्कम टॅक्समध्ये आहेत हे कधी बोलले नाहीत तुम्ही?" संध्याकाळपर्यंत देवळाच्या ओट्यावर एकच विषय. पंढरीची पोरगी काळा पैसा शोधून काढते. गोपीनाथ म्हणून पंढरीचा चुलतभाऊ आहे, त्यानं दोन वर्षांपूर्वी जागा विकलेली. तो रात्रीचं जेवण टाकून पंढरीकडं आला.

"पंढरी, घरातल्या मानसांना तं सोरंल ना ती?"

"कशातून सोरंल?"

"तपासातून."

पंढरी इतका हसला की त्याला ठसका लागला. पण हसून झाल्यावर गोपीनाथनं पुढं विचारलं, "मंग काला द्रव्य म्हंजे हाय तरी काय?" आणि पंढरीला ते सांगता येईना. सहा वर्षं पोरीसाठी रात्रीचा टीव्ही बारीक ठेवला, तिच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर बसवला, पण ती त्यात काय बघते, ते त्याला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की ते मोठं आहे आणि ते आपल्या पोरीचं आहे.

खरं तर त्याची सुरुवात पंढरीपासूनच झालेली. कल्पिता आठ-नऊ वर्षांची असेल. मिठागरं तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. पुनवेला आणि आवसेला खाडीला उधाण यायचं, तेव्हा बांध फुटू नये म्हणून पंढरी उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या बघायला जायचा. पोर मागं मागं. एकदा आवसेच्या उधाणाला ती बांधावर उभी राहून म्हणाली, "बाबा, पुनवेला चांद पानी वर खेचतं. आज चांदच नाय. मंग पानी कोन खेचतं?"

"आवसेचं उधान हाय ते. येतं," पंढरी म्हणाला.

"पन कोन खेचतं?"

"तुजा आजा खेचतं. चल, घरी चल."

हा प्रश्न घेऊन ती शाळेत गेली. सायन्सच्या बाईंनी खडू फिरवून सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत काढून दाखवली. आवसेला चंद्र असतोच, त्याची उजेडाची बाजू आपल्याकडं नसते, एवढंच. पोर शाळेतून पळत आली. "बाबा, चांद असतं. आपल्याला दिसत नाय, पन असतं. तो खेचतं."

"दिसत नाय तं हाय कशाला बोलतंस?" पंढरी म्हणाला आणि फळी ठोकायला लागला.

तिथून पुढं कल्पिता न दिसणाऱ्याच्या मागं लागली ती लागलीच. दहावी, बारावी, बीएस्सी, एमएस्सी. आगऱ्यांच्या पोरीनं एमएस्सी फिजिक्स करायचं म्हणजे तेव्हा गावात दोन प्रश्न यायचे. पहिला, कशाला? दुसरा, मग बँकेत लागेल का? पंढरी दोन्हीला एकच उत्तर द्यायचा, "तिला इचारा." आणि तिला विचारायची हिंमत कुणाची नव्हती. पोर उत्तर द्यायला बसली की तासभर सोडायची नाही.

आईला मात्र तिनं एकदा नीट समजावलेलं. गोदा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"आये, गोफण फिरवतेस ना, दगड बाहेर का नाय उडत?"

"दोरी हाय ना."

"आपले ग्रह सूर्याभोवती फिरतात, तिथं दोरी सूर्याची. जवळचा ग्रह जोरात पळतो, लांबचा हळू. लांब गेलं की दोरीचा जोर कमी. बरोबर?"

"मंग?"

"आता एक दीर्घिका घे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मोठा भोवरा. त्यात काठावरचे तारे मधल्यांपेक्षा हळू पळायला पाहिजेत. पण तसं होत नाय. काठावरचेपण तेवढ्याच जोरात पळतात. एवढ्या जोरात पळणारा तारा सुटून जायला पाहिजे. सुटत नाय. म्हणजे दोरी आहे. सगळे तारे, सगळा वायू, सगळं मोजलं तरी एवढी दोरी होत नाय. जे दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं काहीतरी त्याला धरून आहे."

गोदानं भाकरी तव्यावर टाकली. "घरात बायको असते तसा."

"म्हणजे?"

"दिसत नाय. पन तिनं सोरला की सगले उरून जातील."

कल्पितानं हे वाक्य प्रबंधात घालायचं म्हणून फार विचार केला, असं ती अजून सांगते.

तिचं काम मात्र याच्या पुढचं. लांब बघणं म्हणजे जुनं बघणं, कारण उजेडाला यायला वेळ लागतो. तिच्या दीर्घिका इतक्या लांबच्या की त्यांचा उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वीच काय, सूर्यसुद्धा जन्मलेला नव्हता. हजार कोटी वर्षांपूर्वीचा उजेड. परदेशातल्या डोंगरावरच्या दुर्बिणींनी तो पकडलेला, आणि ती माहिती कुणीही वापरावी अशी खुली ठेवलेली. शिलवलीच्या दुसऱ्या मजल्यावर, मागं खाडीचा वास आणि खाली दिपेशच्या डंपरचा आवाज, अशात बसून कल्पिता त्या उजेडातून विचारत होती, तेव्हा ही दोरी होती का? आजच्यासारखीच दीर्घिकांना धरून होती, की नंतर आली?

तिनं आलेख काढले. आजच्या दीर्घिकांचा वेग काठापर्यंत सपाट राहतो. तिच्या जुन्या दीर्घिकांचा काठाकडं उतरत होता. उतार म्हणजे दोरी ढिली. जगात काही मंडळींनी हेच म्हटलेलं होतं, काहींनी खोडलेलं. तिच्या मार्गदर्शक डॉ. अमृता सबनीस. घोडबंदर रोडला एका टॉवरात उंचावर राहतात, बोलणं अगदी स्वच्छ. त्या खूश झाल्या. "कल्पिता, निष्कर्ष स्पष्ट आहे. आता लिहायला बसा. यात आणखी खुसपट काढू नका."

आणि तेव्हाच दिपेशच्या लग्नाची हळद आली.

आगऱ्यांची हळद ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. मांडवाच्या मधोमध बेंजोवाले. त्यांच्याभोवती माणसांचा फेर. सुरुवातीला सगळे गोल गोल फिरतात. मग बेंजो तापतो. आतले फिरत राहतात, पण काठावरची पोरं, काका, मामे फिरायचं सोडून जागच्या जागी उड्या मारायला लागतात. कल्पिता ओट्यावर हातात चण्याची वाटी घेऊन बघत होती. गोपीनाथकाका फेराच्या बाहेरच्या कडेला नुसताच उडत होता. पुढं सरकतच नव्हता. बाजूला उभा पाहुणा म्हणाला, "याला बेंजो ऐकू येत नाय वाटतं." आणि कल्पिताच्या हातातली वाटी कलंडली.

गोपीनाथकाकाला बेंजो चांगलाच ऐकू येत होता. बेंजोचा निम्मा जोर फेरात जात होता आणि निम्मा उड्यांत. नुसता फेराचा वेग मोजला तर वाटणार, काठावर बेंजो पोचतच नाही.

जुन्या दीर्घिका पोरसवदा असतात. त्यांच्यातला वायू शांतपणे फिरत नाही. उसळतो, घुसळतो. त्या उसळण्यानंसुद्धा तो दोरीच्या ओढीला तोंड देतो, म्हणून त्याला फिरावं कमी लागतं. कल्पितानं फक्त फेर मोजला होता. उड्या सोडून दिल्या होत्या. मोजायला जागा होती, कारण दुर्बिणीत वायूच्या उजेडाची एक रेघ दिसते. रेघ किती सरकली त्यावरून फेर कळतो. रेघ किती फुगली त्यावरून उड्या. तिच्या माहितीत दोन्ही होतं.

ती हळदीतून उठली आणि घरी गेली. दिपेश अजून ते काढतो. "माझ्या हळदीला सगला गाव नाचला, ताई अभ्यास करायला पलाली."

त्या एका संध्याकाळीनं तिचं वर्षभराचं काम वाढलं. सबनीस बाई आधी चिडल्या, मग आकडे घेऊन बसल्या, मग म्हणाल्या, "ठीक आहे. मीच म्हटलं होतं खुसपट काढू नका. काढलंत ते बरं केलंत." उड्या धरल्यावर बहुतेक दीर्घिकांचा उतार निघून गेला. दोरी तेव्हाही होती. मधल्या भागात आजच्यापेक्षा तिचा वाटा कमी, कारण तिथं वायू ठासून भरलेला. पण काठाला ती होतीच.

प्रबंध तपासायला बाहेर गेला आणि एका परीक्षकानं लिहून पाठवलं की उड्यांची दुरुस्ती फार मोठी आहे. रेघ फुगलेली दिसते ती दुर्बिणीच्या धूसरपणामुळंही असू शकते. उमेदवारानं तोंडी परीक्षेत याचं समाधानकारक उत्तर द्यावं, नाहीतर प्रबंध दुरुस्तीसाठी परत. परत म्हणजे आणखी दीड-दोन वर्षं, आणि पीएचडीसाठी कॉलेजनं दिलेली तासांची सवलत संपत आलेली. हे सगळं फक्त कल्पिताला नि सबनीस बाईंना ठाऊक होतं. आणि नाक्यावर दोन मजली डॉक्टर लागलेला.

शिवाय तारीख. कॅलेंडर बघून गोदानं कपाळावर हात मारला. भादव्यातली आवस. सर्वपित्री.

"आवसेला कोन परीक्षा घेतं?"

"परीक्षकांचं विमान त्याच दिवशी आहे, आये."

"पितरांचा जेवान कोन घालील मंग?"

"पयला पितरांना वाराचा, मंग निघाचा," पंढरी म्हणाला. "त्यांच्या पन खानदानात पयलीच डॉक्टर हाय. त्यांना काय, बरा वाटंल."

शनिवारी पहाटे गोदानं वडे, खीर, भाजी केली. कावळ्यानं घास घेतला आणि ट्रॅव्हलर निघाली. भावकीतली माणसं, हार, पेढे, नारळ. दिपेश मंडपाच्या कामाला मागं राहिला, दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. कल्पिता आधीच पोचलेली. माणकोली पुलावरून ठाणं झटक्यात आलं, पण पुढं घोडबंदर रोडनं आपला गुण दाखवला. गाड्यांच्या रांगेत ट्रॅव्हलर अशी अडकली की गोपीनाथ म्हणाला, "उतरून चालत जाऊ. हार सुकतान."

सबनीस बाईंच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात पोचेपर्यंत परीक्षा सुरू झालेली. माणसं पाय न वाजवता मागच्या बाकांवर बसली. पंढरी पहिल्यांदाच पोरीला अशा जागी बघत होता. पांढऱ्या पडद्यासमोर ती उभी, अंगावर आईची गर्द निळी साडी, हातात लाल ठिपक्याचा दिवा. समोर तीन माणसं. सबनीस बाई, अध्यक्ष, आणि बंगळुरूहून आलेले पांढऱ्या दाढीचे परीक्षक, ती शंका लिहून पाठवणारे. सगळं बोलणं इंग्रजीत. पंढरीला त्यातलं काही कळत नव्हतं. पण पोरीचा आवाज ओळखीचा होता. घरी वाद घालताना असतो तसाच, खालच्या पट्टीत, न थांबणारा. तो बाकावर पुढं सरकला.

दाढीवाल्यांनी काहीतरी विचारलं. लांबलचक. कल्पितानं ऐकून घेतलं आणि बोलायला लागली. त्या इंग्रजीच्या ओघात अचानक एक शब्द आला, "हलदी". मग "बेंजो". मग तिनं हातानं गोल फेर दाखवला, आणि साडी सावरून चक्क एक छोटी उडी मारून दाखवली. समोरची तिघं हसली.

पंढरीनं गोदाकडं बघितलं. "ही हलद कशाला सांगतं?"

"मना काय ठावं."

"परीक्षेन कोन हलद सांगतं? अभ्यास इसरली का काय?"

"पोर हसतंय, बगा."

"माणूस घाबरला की हसतं."

मागं गोपीनाथ कुजबुजला, "उरी मारली रे. माज्यासारकीच मारली." त्यात किती खरं होतं, हे त्याला कुठं माहीत.

कल्पिता पडद्यावर चित्रांमागून चित्रं दाखवत होती. तिनं कॉम्प्युटरवर खोट्या दीर्घिका तयार केल्या होत्या. त्यांत उड्या किती, ते तिनंच ठरवलेलं. मग त्या मुद्दाम धूसर केल्या, दुर्बिणीत दिसतील तशा, आणि धूसरातून पुन्हा उड्या मोजून दाखवल्या. घातल्या होत्या तेवढ्याच निघाल्या. दाढीवाले पुढं वाकून बघत होते. मग त्यांनी बोट करून कोपऱ्यातले काही ठिपके दाखवले. या थोड्या दीर्घिकांत, उड्या धरूनही, उतार उरलेला होता. त्यांनी एकच छोटा प्रश्न विचारला. ह्यांचं काय?

कल्पितानं त्या ठिपक्यांकडं बघितलं. हळदीनंतर ते ठिपके तिनं किती वेळा बघितले असतील. काढून टाकता आले असते. आलेख देखणा झाला असता. तिनं ते ठेवले होते. मान वळवून ती म्हणाली, "आय डोन्ट नो, सर."

तासाभरात पंढरीला समजलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. भावकीतल्या पोरांच्या कार्टूनमधून, बिल्डरच्या ऑफिसातून, कुठून कुठून ते त्याच्या कानावर पडलेलं होतं. आय डोन्ट नो. मला माहीत नाही. परीक्षेत, सरांच्या तोंडावर.

तो हळूच उठला आणि बाहेर व्हरांड्यात आला. हार हातातच होता. त्यानं दिपेशला फोन लावला.

"दिपेश, नाक्यावरचा बॅनर उतरव."

"काय झाला काका?"

"काय नाय झाला. पोर येल तवा तिला दिसला नाय पायजे. आत्ता उतरव. कोन इचारला तं सांग, मंडपाची कमान लावाची हाय."

"ताई..."

"ताईला कोन काय बोलला तं माज्याशी गाठ हाय, एवरा सांग सगल्यांना. सहा वर्सं पोर बसली हाय. पुना बसंल. मी हाय."

फोन ठेवून तो भिंतीला टेकला. त्याला बॅनरचं वाईट वाटत नव्हतं. ती रिक्षातून उतरून मान वर करून त्या बॅनरखाली उभी राहिलेली त्याला दिसत होती.

आतून टाळ्या वाजल्या. पंढरीला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी तरी असतील. मग दार उघडलं. गोदा पदरानं डोळे पुसत, मागं गोपीनाथ पेढ्याचा पुडा फोडत, आणि सबनीस बाई थेट पंढरीसमोर येऊन उभ्या. "अभिनंदन, तरेसाहेब. तुमची मुलगी डॉक्टर झाली."

पंढरीनं हार सावरला. "पन बाई, तिला एक उत्तर आलं नाय ना? मी ऐकला."

बाईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी त्या दाढीवाल्यांकडं बघितलं. ते मागं उभे होते. बाईंनी त्यांना इंग्रजीत सांगितलं. ते पुढं आले, पंढरीचा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हणाले. बाईंनी मराठी केलं.

"सर म्हणतात, बाकीच्या उत्तरांनी त्यांची शंका फिटली होती. पण त्या एका उत्तरानं त्यांचा विश्वास बसला. ते उत्तर तिलाच काय, अजून कुणालाच ठाऊक नाही. पुढची पाच वर्षं तिनं तेच शोधावं असं ते म्हणतायत."

पंढरीनं मान हलवली. मग हार पोरीच्या गळ्यात घालायच्या ऐवजी घाईत परीक्षकांच्या गळ्यात घातला. दुसरा हार गोपीनाथकडं होता, तो तिला मिळाला.

परत येताना कल्पिता ट्रॅव्हलरमध्ये बापाशेजारी बसली. दुपार टळायला लागलेली. माणकोली पुलाच्या मधोमध पंढरी ड्रायव्हरला म्हणाला, "जरा हलू घे." खाली खाडी तुडुंब भरलेली. तिवरं गळ्यापर्यंत पाण्यात. आवसेचं उधाण.

"कवरा पानी चरलंय बग," पंढरी म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तो कुठं हाय आता?"

"कोण?"

"तुजा चांद."

कल्पितानं खिडकीतून वर हात केला. "तिथं. सूर्याला लागूनच आहे आज."

पंढरी डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागला.

"सूर्याकडं बघू नको बाबा, डोळे जातील. पाण्याकडं बघ."

त्यानं पाण्याकडं बघितलं. पूल संपेपर्यंत बघत राहिला. एके काळी याच पाण्यासाठी तो आवसेच्या आवसेला फळ्या ठोकत होता. "दिसत नाय," तो म्हणाला.

"नाय दिसत."

"पन हाय." आणि त्यानं पोरीच्या गुडघ्यावर थाप मारली, तो सौदा पक्का झाल्यावर मारतो तशी.

नाक्यावर उतरल्यावर कल्पितानं सवयीनं वर बघितलं. रिकामे बांबू. "माझा बॅनर कुठं गेला?"

दिपेश मंडपामागून गुंडाळी काखेत घेऊन आला आणि पंढरीकडं बघायला लागला. पंढरी चपलेकडं. शेवटी गोदानंच सांगून टाकलं. कल्पिता आधी हसली. मग हसता हसता तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं, भर नाक्यात. पंढरी पण तसाच उभा राहिला.

"लाव रे परत," तो दिपेशला म्हणाला. "पन थांब. ते काला द्रव्य खोरून टाक. लोक इन्कम टॅक्स समजतान."

"मग काय लिहू काका?"

मंडपाच्या पाट्या रंगवणारा सूरज तिथंच होता, हातात लाल रंग. पंढरीनं सांगितलं, सूरजनं पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं. "आवसेचा चांद शोधणारी शिलवलीची शान." डॉ. तसंच राहिलं. आता ते खरं झालेलं होतं.

बॅनर वर चढला. घटस्थापनेच्या तयारीला आलेली माणसं खाली जमली. त्यात रखमाबाई होत्या, गावातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी नातीकडून मजकूर वाचून घेतला आणि विचारलं, "पंढरी, आवसेला चांद कुठचा रं? काय हाय ते?"

पंढरीनं कल्पिताकडं बघितलं. मग छाती काढली आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आय डोन्ट नो."